बोल्टला ऑइल लावलं की टॉर्क का बदलतो? घर्षणाचा हिशेब मांडणाऱ्या कूलोम यांची गोष्ट

औरंगपुरा हा छत्रपती संभाजीनगरचा गजबजलेला भाग. सरस्वती भुवनचं कॉलेज इथं, जिल्हा परिषद इथं, आणि वह्या-पुस्तकांसाठी शहरातली पोरं येतात तीही इथंच. यातल्या अनेकांची वाट पुढे चिकलठाणा नाहीतर वाळूजच्या एमआयडीसीत जाते. वाळूजमध्ये १९८५पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने उभे राहिले. मोटारसायकल असो की रिक्षा, तिचे तुकडे एकत्र धरून ठेवण्याचं काम शेवटी बोल्टच करतात.

कारखान्यात नव्यानं लागलेल्या पोराला पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास पडतो. समजा तक्त्यात लिहिलंय की एम १० मापाचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट ५० न्यूटन-मीटरला आवळायचा. कोरडा बोल्ट कुरकुरतो. आट्यांना थोडं ऑइल लावलं तर पाना कसा सरसर फिरतो. मग टॉर्क तोच ठेवायचा की कमी करायचा? आणि कमी करायचा तर किती?

सगळं अडतं ते घर्षणांकापाशी. पुस्तक उघडलं तर पोलादावर पोलाद या एकाच जोडीसाठी एका पानावर ०.१०, दुसऱ्यावर ०.१५, तिसऱ्यावर ०.२० सापडतो. त्यातला चुकीचा उचलला तर एक तर बोल्ट ताणून निकामी होतो, नाहीतर आवळल्यासारखा दिसतो पण आतून ढिला राहतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो लगेच कळत नाही.

असे वेगवेगळे आकडे येतातच का, हे ज्यांनी मोठ्या प्रमाणावर प्रयोग करून दाखवलं, ते शार्ल-ओग्युस्तँ द कूलोम. शाळेत त्यांचं नाव भेटतं ते विद्युतभाराचं एकक म्हणून. पण विजेकडे वळण्याआधी या माणसानं तब्बल वीस वर्षं किल्ले, भिंती, दोरखंड, कप्प्या आणि चरबी यांच्यात घालवली होती.

कूलोम यांचा जन्म १४ जून १७३६चा, फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या आंगूलेम गावचा. वडील राजाच्या मालमत्तांवर देखरेख करणारे अधिकारी, आई पैसेवाल्या घरातली. कुटुंब पॅरिसला आलं आणि शार्लला गणिताचा आणि खगोलशास्त्राचा नाद लागला. पुढे काय करायचं यावरून आईशी खटका उडाला, तो इतका की आईनं त्याचा आधार काढून घेतला. त्याच काळात वडिलांनी सट्ट्यात पैसे घालवले होते आणि ते दक्षिणेला मोंपेलिएला निघून गेले होते. मुलगाही तिकडे गेला. तिथल्या विज्ञान मंडळानं १७५७मध्ये या वीस वर्षांच्या पोराला सदस्य करून घेतलं खरं, पण मंडळाच्या सदस्यत्वावर पोट भरत नाही. गणित येतं आणि पैसा नाही, अशा मुलासाठी तेव्हा फ्रान्समध्ये एक चांगली वाट होती: लष्करातलं अभियांत्रिकी. १७६०मध्ये ते मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत दाखल झाले आणि पुढच्या वर्षी लेफ्टनंट होऊन बाहेर पडले.

पहिलं मोठं काम आलं ते थेट समुद्रापलीकडे. कॅरिबियन समुद्रातलं मार्टिनिक बेट इंग्रजांनी जिंकलं होतं आणि १७६३च्या तहात फ्रान्सला परत दिलं होतं. ते पुन्हा हातचं जाऊ नये म्हणून तिथं भक्कम किल्ला हवा होता. १७६४मध्ये कूलोम तिकडे गेले आणि १७७२पर्यंत तिथंच राहिले. फोर्ट बुर्बोंचं बांधकाम त्यांच्याकडे होतं. आठ वर्षांत ते अनेकदा आजारी पडले आणि गेलेली तब्येत पुन्हा कधी पूर्ण सुधारली नाही. मार्टिनिक ही गुलामांच्या श्रमावर चालणारी साखरेची वसाहत होती, हेही विसरता येत नाही. माणूस दिवसभरात किती काम करू शकतो, उन्हानं त्याची ताकद किती घटते, याचा कूलोम यांनी नंतर जो अभ्यास मांडला, त्यामागे या बेटावरचं निरीक्षण होतं.

पण त्यांच्या विचारांना वळण दिलं ते तिथल्या दगड-मातीनं. भिंतीमागे माती भरली की ती भिंतीला ढकलते. किती ढकलते? माती घसरते ती एका उतरत्या पृष्ठावरून, आणि तिला धरून ठेवतात दोन गोष्टी: मातीचा आपला चिकटपणा, आणि घर्षण. फ्रान्सला परतल्यावर १७७३मध्ये त्यांनी हा हिशेब पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. घाटरस्त्याच्या कडेला संरक्षक भिंत बांधताना आजचे स्थापत्य अभियंते त्याच मांडणीचा आधार घेतात. चिकटपणाचा ठरावीक वाटा आणि दाबाबरोबर वाढणारा घर्षणाचा वाटा, ही जोडी लक्षात ठेवायला हवी. ती पुढे चरबी लावलेल्या लाकडातही भेटणार आहे.

त्यानंतर त्यांची नेमणूक फ्रान्समध्येच इथं-तिथं होत राहिली. १७७९मध्ये ते पश्चिम किनाऱ्यावरच्या रोशफोरला आले. काम होतं जवळच्या बेटावर लाकडी किल्ला उभारण्याचं. पण रोशफोर हे फ्रेंच आरमाराचं जहाजबांधणीचं मोठं ठिकाण. तिथं ओकचे भलेमोठे ओंडके, लोखंड, तांबं, दोरखंड, पिंपं भरून चरबी आणि सुतार-लोहारांची फौज असं सगळं आयतं होतं. एखाद्या प्रयोगवेड्या माणसाला आणखी काय हवं!

वेळही जुळून आली. अकादमीनं घर्षणावर आणि दोरांच्या ताठपणावर बक्षीस लावलं होतं. अट अशी की प्रयोग मोठ्या प्रमाणावर, खऱ्या यंत्रांना लागू पडतील असे हवेत. कप्पी, दोर गुंडाळायचा उभा रहाट, उतरण अशी आरमाराच्या कामाची यंत्रं. पहिल्या फेरीत एकही प्रबंध पसंत पडला नाही, म्हणून मुदत १७८१पर्यंत वाढवली गेली.

घर्षणाचा मूळ नियम तोपर्यंत माहीत होता. गीयोम आमोंतों यांनी १६९९मध्ये सांगितलं होतं की घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लोकांना ते पटायला जड गेलं होतं. कूलोम यांनी तो नियम तपासायला घेतला, पण खेळण्याएवढ्या ठोकळ्यांवर नाही. मजबूत लांब टेबल, त्यावर वजन लादलेली घसरपट्टी, आणि तिला कप्पीवरून वजनं टांगून ओढायची सोय. ओकवर ओक, ओकवर एल्म, लाकडावर लोखंड, लोखंडावर तांबं अशा जोड्या त्यांनी तपासल्या. कोरड्या आणि चरबी लावलेल्या, ताज्या चरबीच्या आणि घासून घासून जुन्या झालेल्या. एकदा लगेच ओढून पाहिलं, एकदा बराच वेळ तसंच ठेवून मग.

आमोंतों यांचा नियम बहुतांशी खरा निघाला. खरी गंमत मात्र अपवादांत होती. कोरड्या लाकडावर लाकूड ठेवलं तर पहिल्या काही क्षणांत त्याची पकड वाढत जाते आणि काही मिनिटांत स्थिर होते. धातूवर धातू ठेवला तर वेळेनं जवळपास फरक पडत नाही. लाकडावर धातू ठेवला तर पकड दिवसेंदिवस हळूहळू वाढत राहते. चरबी लावली की सगळंच बदलतं. तिच्या चिकटपणाचा एक वेगळा वाटा घर्षणात मिसळतो, आणि तो चरबी किती घट्ट आहे, किती जुनी आहे यावर ठरतो. म्हणजे ओकचा घर्षणांक किंवा लोखंडाचा घर्षणांक अशी गोष्टच नसते. तो आकडा जोडीचा असतो: दोन पृष्ठं, मधलं वंगण, आणि ती ज्या अवस्थेत भेटली ती अवस्था. हे कशामुळे होतं ते समजावताना कूलोम यांनी एकमेकांत घुसलेल्या दोन ब्रशांच्या केसांची उपमा वापरली. आजच्या ज्ञानाप्रमाणे ते चित्र अपुरं आहे. मोजमाप मात्र टिकलं.

यंत्रांच्या यादीत उतरण होती, आणि बोल्ट म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरणच. नट फिरतो तेव्हा तो या उतरणीवर चढत असतो आणि चढता चढता बोल्टला ताणतो. आपल्याला हवा असतो तो हा ताण. तोच दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. पण टॉर्क रेंच ताण मोजत नाही, ते फक्त हाताचा पीळ मोजतं. या दोहोंच्या मध्ये घर्षण बसलेलं असतं आणि ते मधल्या दलालासारखं आपला वाटा आधी काढून घेतं.

वाटा किती, ते मघाच्याच बोल्टवर पाहू. एम १०, आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर, टॉर्क ५० न्यूटन-मीटर, घर्षणांक ०.१५. या ५०पैकी सुमारे २४ बोल्टच्या डोक्याखालच्या घासण्यात जातात, सुमारे २० आट्यांमधल्या घासण्यात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम ६. त्या ६मधून बोल्टमध्ये सुमारे २५ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टन वजनाएवढी ओढ तयार होते. कारखान्यात तोंडपाठ असलेला ०.२चा गुणक, म्हणजे ओढ गुणिले व्यास गुणिले ०.२ बरोबर टॉर्क, तो याच ०.१५ घर्षणांकातून येतो. बरेच जण हा ०.२ म्हणजेच घर्षणांक समजतात. तो घर्षणांक नाही.

आता ऑइल लावलं आणि घर्षणांक ०.१० झाला. दलालाचा वाटा घटला, आपण मात्र ५०च लावले. ओढ थेट साडेतीन टनांच्या पुढे जाते. या बोल्टची सहनशक्ती साध्या ओढीत पावणेचार टनांच्या आसपास संपते; त्यापुढे तो कायमचा लांबतो. साडेतीन म्हणजे अजून आत आहे, असं वाटेल. पण आवळताना बोल्ट नुसता ताणला जात नाही, पिळलाही जातो. ओढ आणि पीळ मिळून मर्यादा इथंच ओलांडली जाते. मॉलिब्डेनमचं ग्रीस लावून घर्षणांक ०.०८वर आणला तर ओढ सव्वाचार टनांच्या पुढे जाईल आणि पिळाचा विचार करायचीही गरज उरणार नाही. उलट बोल्ट गंजका, खरबरीत असेल आणि घर्षणांक ०.२० असेल, तर तेच ५० लावून ओढ दोन टनांच्याही आत राहते. रेंचनं प्रत्येक वेळी टक् केलं, आकडा एकच दाखवला, आणि बोल्टमधली ओढ मात्र दुपटीहून जास्त बदलली.

मग कोणता घर्षणांक धरायचा? जाणकार एक आकडा धरतच नाहीत, दोन धरतात. बोल्ट कॅल्क्युलेशनसाठी जगभर वापरली जाणारी जर्मन मार्गदर्शिका, व्हीडीआय २२३०, घर्षणांकाचे वर्ग करते. वंगण लावलेल्या नेहमीच्या बोल्टसाठी तिचा पसंतीचा वर्ग ०.०८ ते ०.१६ असा आहे. टॉर्क ठरवताना अपेक्षित पट्ट्यातला सर्वांत कमी घर्षणांक घ्यायचा, म्हणजे सगळ्यात गुळगुळीत बोल्टही तुटणार नाही. आणि मग त्याच टॉर्कला, सर्वांत जास्त घर्षणांक धरून, ओढ किती कमी पडू शकते ते तपासायचं. मघाच्या बोल्टसाठी पट्टा ०.१० ते ०.१५ धरला, तर अडीच टनांची ओढ ०.१०ला मिळते ती ३५ न्यूटन-मीटरवर. याच ३५ला घर्षणांक ०.१५ निघाला तर हातात येतात पावणेदोन टनांच्या जवळपास. जोड तेवढ्यात धरून राहत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर टॉर्क वाढवायचा मोह टाळून बोल्ट मोठा घ्यायचा किंवा वंगणाची शिस्त लावून पट्टा अरुंद करायचा.

ही शिस्त म्हणजे काय, ते रोशफोरच्या टेबलावर दिसलंच आहे. ऑइल फक्त आट्यांना लावलं आणि डोक्याखाली कोरडं ठेवलं, तर सगळ्यात मोठा वाटा खाणारी जागा तशीच राहते. झिंक प्लेटिंगचा बोल्ट दुसऱ्या-तिसऱ्यांदा आवळला की थर घासला जातो आणि आकडा हलतो. वॉशर बदललं, खालचा भाग पोलादाऐवजी अॅल्युमिनियमचा झाला, हातानं आवळायचं ते मशीननं झपाट्यानं आवळलं, की जोडी बदलली. म्हणून महत्त्वाच्या जोडासाठी पुस्तकातला आकडा न घेता तेच बोल्ट, तेच नट, तेच ऑइल घेऊन चाचणी करतात; आवळतानाचा पीळ आणि ओढ एकाच वेळी मोजण्याची पद्धत आयएसओ १६०४७ या मानकात दिली आहे. प्रयोग खऱ्या यंत्राला लागू पडणारा हवा, ही अकादमीची जुनी अट इथं पुन्हा भेटते.

१७८१मध्ये बक्षीस कूलोम यांना मिळालं आणि त्याच वर्षी ते अकादमीचे सदस्य झाले. आता पॅरिस सोडून किल्ल्यांच्या मागे फिरायची गरज नव्हती. होकायंत्राची सुई धाग्याला टांगायच्या खटपटीतून त्यांना पिळाच्या अभ्यासाची गोडी लागली होती. १७८४मध्ये त्यांनी दाखवलं की तार जितकी पिळावी तितक्याच प्रमाणात ती उलट जोर लावते, आणि तारेची जाडी दुप्पट केली तर हा जोर सोळापट होतो. बोल्टमधला पीळ मोजताना आजही हाच नियम लागतो. पण कूलोम यांनी त्यातून जे बनवलं ते जगप्रसिद्ध झालं: बारीक तारेला आडवी दांडी टांगून तयार केलेला पीळ-तराजू. दोन विद्युतभारित गोळ्यांमधलं इवलंसं बल त्यावर मोजता आलं, आणि अंतर दुप्पट झालं की बल चौथाई होतं हा नियम १७८५मध्ये मांडला गेला. किल्ल्याच्या भिंतीपासून रेशमाएवढ्या तारेपर्यंतचा हा प्रवास एकाच सवयीतून झाला: बल मोजता येईल असं काहीतरी आधी हातानं बनवायचं.

मोजून आलेलं खरं सांगायची ही सवय त्यांना महागातही पडली. १७८३मध्ये ब्रिटनी प्रांतातल्या कालव्यांच्या आणि बंदरांच्या योजना तपासायला त्यांना पाठवलं गेलं. योजनेच्या मागे वजनदार मंडळी होती. कूलोम यांनी ती खर्चिक आणि निरुपयोगी असल्याचा अहवाल दिला, आणि त्याची किंमत म्हणून पॅरिसच्या तुरुंगात काही दिवस काढले. पुन्हा तपासणी झाली तेव्हा त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं. ब्रिटनीच्या प्रांतसभेनं कृतज्ञतेनं बरंच काही देऊ केलं. त्यांनी त्यातलं फक्त सेकंदकाटा असलेलं एक घड्याळ घेतलं.

मग राज्यक्रांती आली. १७९१मध्ये कूलोम यांनी लष्करी नोकरी सोडली. १७९३मध्ये अकादमीच बंद करण्यात आली. मीटर आणि किलोग्रॅम ठरवणाऱ्या समितीत ते होते, तिथूनही डिसेंबर १७९३मध्ये त्यांना काढलं. त्याच यादीत लाव्हाझिए, लाप्लास आणि बोर्दा होते. लाव्हाझिए यांचा पुढच्या मे महिन्यात शिरच्छेद झाला. कूलोम तोवर पॅरिस सोडून मित्र बोर्दा यांच्यासह ब्लुआजवळच्या घरी जाऊन राहिले होते. हवा निवळल्यावर १७९५मध्ये नव्या विज्ञान संस्थेत त्यांना पुन्हा जागा मिळाली. लुईझ फ्रांस्वाझ यांच्यापासून त्यांना दोन मुलगे होते. रीतसर लग्न मात्र १८०२मध्ये झालं. त्याच वर्षी ते सार्वजनिक शिक्षणाचे महानिरीक्षक झाले आणि अखेरच्या वर्षांत शाळा उभारण्याच्या कामात गुंतले. मार्टिनिकनं पोखरलेली तब्येत शेवटपर्यंत तशीच राहिली. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

१८८१मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेनं विद्युतभाराच्या एककाला त्यांचं नाव दिलं. घर्षणातल्या कामासाठी तसं काही करता आलं नसतं, कारण घर्षणांकाला एककच नसतं. आठ वर्षांनी आयफेल टॉवर उभा राहिला तेव्हा त्यावर ७२ शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावं कोरली गेली, त्यात कूलोम आहेत. त्या टॉवरचे भाग आधी तात्पुरत्या बोल्टनी जोडले होते. नंतर ते बोल्ट काढून त्यांच्या जागी तापवलेले रिव्हेट ठोकले गेले. थंड होताना रिव्हेट आपोआप आखडतो आणि पत्रे दाबून धरतो. त्याला टॉर्क लागत नाही.